‘जेल नाही, फक्त दंड’ आणि तरीही परतीचं तिकीट

जबलपूरहून बोलतोय.

मागचे दोन भाग मृत्युपत्र आणि फॅमिली पेन्शनवर झाले. आजचा विषय माझ्या यादीत नव्हता. तो आला एका फोनमुळे. नागपूरला माझा एक जुना सहकारी राहतो. आम्ही दोघं एकाच युनिटमध्ये होतो, मुलं एकत्र वाढली. त्याचा फोन रात्री साडेअकराला आला. निवृत्त फौजी माणूस रात्री साडेअकराला फोन करतो तेव्हा एक तर कोणी गेलेलं असतं किंवा मुलांचं काहीतरी झालेलं असतं. मुलाचं झालं होतं. मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला, एच-१बी व्हिसावर. मोठ्या दुकानात आपणच सामान स्कॅन करून पैसे भरायचे असतात, त्या मशीनवर त्याने काही वस्तू स्कॅन केल्या आणि काही तशाच पिशवीत टाकल्या. दोनेकशे डॉलरचा माल. बाहेर पडताना पकडला गेला.

हे सगळं दीड वर्षापूर्वीचं होतं. मुलाने घरी सांगितलंच नव्हतं. तिथल्या वकिलाने सल्ला दिला: कबुली दे, न्यायाधीश निकाल राखून ठेवतील, काही महिने देखरेख, थोडी समाजसेवा, थोडा दंड, आणि मग केस बंद. जेल नाही, शिक्षेची नोंद नाही. मुलाने सही केली. सगळं तसंच झालं. आता बहिणीचं लग्न म्हणून भारतात यायचं, आणि परत जाताना पासपोर्टवर नवा व्हिसा लागणार. त्या अर्जात सरळ प्रश्न आहे: तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का, माफी मिळाली असली तरी सांगा. बापाचा मला प्रश्न होता, “केस तर बंद झाली आहे. ‘नाही’ लिहिलं तर चालेल ना?”

मी म्हणालो, थांब. काहीही लिहू नका.

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. फौजेत असताना कोर्ट मार्शलमध्ये आरोपीचा ‘फ्रेंड ऑफ द अॅक्यूज्ड’ म्हणून बऱ्याचदा उभा राहिलो, तेवढीच माझी कायद्याशी ओळख. पण त्या कामाने एक गोष्ट शिकवली: शिक्षा किती झाली एवढंच पाहून चालत नाही, त्या शिक्षेच्या मागून काय येतं ते पाहावं लागतं. आमच्याकडे जवानाला किरकोळ गुन्ह्यात काही दिवसांची कैद झाली की त्याच्या कागदावर लाल शाईची नोंद होते, रेड इंक एन्ट्री. एक झाली, कोणी फार बोलत नाही. दुसरी, तिसरी होते. चौथी झाली की प्रशासन म्हणू शकतं, हा माणूस आता फौजेत नको. शिक्षा प्रत्येक वेळी छोटीच होती, पण नोकरी गेली आणि अनेकदा पेन्शनही गेली. यावर खटले सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि २०१५ साली कोर्टाला सांगावं लागलं की चार नोंदी झाल्या म्हणून आपोआप हकालपट्टी करता येत नाही, त्या माणसाची सगळी सेवा पाहावी लागते.

परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांचं नेमकं असंच आहे. तो तिथला नागरिक नाही. त्याच्या एका चुकीची दोन ठिकाणी तपासणी होते. पहिलं ठिकाण म्हणजे फौजदारी कोर्ट. तिथे विचारतात, गुन्हा केला का, किती शिक्षा द्यायची. दुसरं ठिकाण म्हणजे इमिग्रेशन खातं. तिथे विचारतात, या माणसाला आपल्या देशात राहू द्यायचं का. दुसऱ्या ठिकाणी पहिल्याचा निकाल नुसता कागद म्हणून जातो आणि तिथे त्याचा अर्थ वेगळ्या नियमांनी लावला जातो. अमेरिकेत १८९३ सालापासून कोर्टांचं म्हणणं आहे की देशाबाहेर काढणं ही शिक्षाच नव्हे, ती दिवाणी स्वरूपाची कारवाई आहे. ऐकायला हा शब्दांचा खेळ वाटतो, पण परिणाम फार मोठा. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नको, हे तत्त्व इथे लागू होत नाही. फौजदारी कोर्टात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, इमिग्रेशन कोर्टात असा हक्क नाही. वकील आणा, पण स्वतःच्या पैशाने.

आता एका फौजी माणसाची गोष्ट सांगतो. होसे पदिया हा मूळचा होंडुरासचा. अमेरिकेत कायदेशीर रहिवासी म्हणून ४० वर्षांहून जास्त काळ राहिलेला. व्हिएतनाम युद्धात त्याने अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली. नागरिकत्व मात्र घेतलं नव्हतं, ग्रीन कार्डावरच आयुष्य चाललं होतं. पुढे तो ट्रक चालवू लागला. केंटकी राज्यात त्याच्या ट्रकमध्ये मोठ्या प्रमाणात गांजा सापडला. त्याने आपल्या वकिलाला विचारलं, मला देशाबाहेर तर काढणार नाहीत? वकील म्हणाला, इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नकोस. त्याने गुन्हा कबूल केला. आणि त्या कबुलीमुळे त्याची हकालपट्टी जवळजवळ ठरलेलीच होती. कायदा वाचला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं.

गांजाचा ट्रक चालवणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण ज्या देशाचा गणवेश घातला, त्या देशातून घालवून देण्याचा प्रश्न आला आणि वकिलाने तो पाहिलासुद्धा नाही, हे वाचून मला झोप लागली नव्हती. ३१ मार्च २०१० ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: आरोपी परदेशी नागरिक असेल तर कबुलीचा त्याच्या वास्तव्यावर काय परिणाम होईल हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. न सांगितलं तर तो वकिली मदतीचा हक्क मोडल्यासारखं आहे. तिथल्या वकिलांच्या जगात या निकालाने मोठा फरक पडला. आता पुष्कळ ठिकाणी सरकारी बचाव वकिलांच्या कार्यालयात इमिग्रेशन जाणणारा माणूस असतो.

२०१७ साली जे ली नावाच्या माणसाची केस आली. १३ वर्षांचा असताना दक्षिण कोरियातून आलेला, मेम्फिसमध्ये रेस्टॉरंट चालवायचा. कबुली देताना न्यायाधीशांनी त्याला स्वतः विचारलं की यामुळे देशाबाहेर जावं लागू शकतं, कळलं ना? तो गोंधळला आणि वकिलाकडे पाहिलं. वकील म्हणाला, ही नेहमीची ठरलेली सूचना आहे. पुढे सुप्रीम कोर्टाने ती कबुली मागे घेऊ दिली, कारण खरं कळलं असतं तर हा माणूस जोखीम पत्करून खटला लढला असता, हे कागदावर दिसत होतं. पण मंडळी, सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचायला वर्षं जातात. तेवढी वर्षं आपल्या मुलांजवळ आहेत का?

आता आमच्या नागपूरच्या मुलाकडे येतो. ‘केस बंद झाली’ या शब्दाचा अर्थ टेक्सासच्या कायद्यात एक आणि इमिग्रेशनच्या कायद्यात दुसरा. १९९६ साली अमेरिकेच्या संसदेने इमिग्रेशनपुरती दोषसिद्धीची स्वतंत्र व्याख्या केली. न्यायाधीशाने निकाल राखून ठेवला तरी चालेल, फक्त दोन गोष्टी हव्यात. एक, आरोपीने गुन्हा कबूल केला, किंवा ‘मी विरोध करत नाही’ म्हणाला, किंवा गुन्हा सिद्ध होईल इतकी माहिती मान्य केली. दोन, न्यायाधीशाने काही ना काही शिक्षा, दंड किंवा बंधन घातलं. बस. दोषसिद्धी झाली. नंतर राज्याने नोंद पुसून टाकली, चांगल्या वागणुकीबद्दल केस खारीज केली, तरी इमिग्रेशनच्या नजरेत सहसा ती पुसली जात नाही. स्थगित शिक्षासुद्धा पूर्ण शिक्षा म्हणून मोजतात. न्यायाधीशाने एक वर्षाची कैद सुनावली आणि लगेच स्थगित केली, मुलगा एक रात्रही आत गेला नाही, तरी हिशोबात एक वर्षच धरतात.

म्हणजे ज्या सोयीला तिथला वकील नागरिकांसाठी वरदान समजतो, तीच आपल्या मुलासाठी सापळा होते. वकील मुद्दाम फसवतो असं नाही. त्याचे बहुतेक अशील नागरिक असतात, त्यांना हाच सल्ला योग्य असतो.

चोरी, अगदी छोटी दुकानातली चोरीसुद्धा, तिथे ‘नैतिक अधःपतनाचा गुन्हा’ या सदरात येते. हा शब्द आपल्याकडच्या नोकरीच्या नियमांतही आहे, सरकारी नोकरी केलेल्यांना ओळखीचा वाटेल. आता नियम असा आहे. देशात प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा एक गुन्हा केला आणि त्या गुन्ह्याला एक वर्ष किंवा जास्त कैद होऊ शकत असेल, तर देशाबाहेर काढता येतं. प्रत्यक्ष किती झाली हे इथे पाहात नाहीत, कायद्यात जास्तीत जास्त किती होऊ शकते ते पाहतात. आणि वेगवेगळ्या प्रसंगांतले असे दोन गुन्हे झाले, तर पाच वर्षांची मुदतही राहत नाही, कधीही काढता येतं.

टेक्सासमध्ये १०० ते ७५० डॉलरची चोरी झाली तर जास्तीत जास्त १८० दिवसांची कैद. ७५० च्या वर गेली की एक वर्षापर्यंत. म्हणजे पिशवीत एक जास्तीचा हेडफोन टाकला असता तर मुलगा हकालपट्टीच्या कक्षेत आला असता. दोनेकशेच्या मालावर तो वाचला. तिथून बाहेर पडून परत आत येण्याचे नियम वेगळे आहेत. तिथे आयुष्यात एकच असा गुन्हा असेल, त्याला जास्तीत जास्त एक वर्षापर्यंतचीच कैद असेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांच्या आत असेल, तर किरकोळ गुन्हा म्हणून सूट आहे. सूट एकदाच. दुसऱ्या गुन्ह्याला नाही.

या ‘एक वर्ष’ शब्दाने किती घोळ घातला ते पाहा. अनेक राज्यांत साध्या गुन्ह्याची कमाल शिक्षा ३६५ दिवस होती. बरोबर एक वर्ष, म्हणजे हकालपट्टीच्या रेषेवर. वॉशिंग्टन राज्याने २०११ साली ती ३६४ दिवस केली, कॅलिफोर्नियाने २०१५ पासून, न्यूयॉर्कने २०१९ साली. राज्याच्या तुरुंगव्यवस्थेला एका दिवसाने काय फरक पडणार? काहीच नाही. पण एका दिवसाने हजारो लोकांची घरं वाचली. विधिमंडळाने कायद्याच्या पुस्तकातून एक दिवस कमी केला आणि माणसाचं नशीब बदललं, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. चोरीच्या गुन्ह्यात एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली, स्थगित का होईना, तर तो थेट ‘गंभीर’ वर्गात जातो, आणि मग ग्रीन कार्डवाल्यालासुद्धा बहुतेक सगळ्या सवलती बंद. म्हणून जाणता वकील सरकारी वकिलाशी भांडून ३६४ दिवस लिहून घेतो. न जाणणाऱ्याला ३६५ आणि ३६४ सारखेच वाटतात.

बरं, हे झालं शिक्षेचं. नुसती अटक झाली, पुढे काहीच सिद्ध झालं नाही, तर?

इथे व्हिसा आणि वास्तव्याचा दर्जा या दोन गोष्टींत फरक करायला हवा. कॅन्टोन्मेंटच्या मेन गेटवर दाखवायचा पास असतो ना, व्हिसा तो. आत आल्यावर तुम्ही कुठे, किती दिवस राहू शकता हे आतल्या कागदावर ठरतं, तो दर्जा. दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली, तर अमेरिकेची वकिलात, अटकेला पाच वर्षं झाली नसतील तर, कोर्टाच्या निकालाची वाट न पाहता व्हिसा रद्द करू शकते. २०१५ पासून हे चालू आहे. मुलगा आत असेल तर तेवढ्याने त्याचा दर्जा आपोआप जात नाही, तो नोकरी करत राहू शकतो. पण आईला भेटायला भारतात आला, की परत जायला पास नाही. नव्या अर्जात ठरलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात, दारूचं व्यसन आहे का ते पाहायला. साध्या दारूच्या केसमध्ये सहसा हकालपट्टी होत नाही, हे खरं. २००४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती हिंसक गुन्ह्यात मोजायला नकार दिला. पण कोणी जखमी झालं, किंवा गाडीत लहान मूल होतं, तर सगळं बदलू शकतं.

विद्यार्थ्यांचं तर २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये आपण डोळ्यांनी पाहिलं. तिथल्या सरकारने परदेशी विद्यार्थ्यांची नावं पोलिसांच्या राष्ट्रीय नोंदींशी ताडून पाहिली आणि हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी एका फटक्यात बंद केल्या. कितीतरी मुलांवर आरोपच ठेवले गेले नव्हते, काहींचं फक्त वाहतुकीचं चलान होतं. विस्कॉन्सिनच्या मॅडिसन विद्यापीठातला एक भारतीय मुलगा महिनाभरात पदवी घेणार होता. आदल्या नोव्हेंबरात बारबाहेरच्या वादावादीत त्याला अटक झाली होती, सरकारी वकिलाने केस चालवायलाच नकार दिला होता. तरी नोंद बंद. एप्रिलच्या मध्यात फेडरल न्यायाधीशाने सरकारचा हात रोखला. मिशिगनमध्ये भारत, चीन आणि नेपाळच्या चार विद्यार्थ्यांनी दावा लावला. अशा खूप दाव्यांनंतर २५ एप्रिलला सरकारने कोर्टात सांगितलं की नोंदी पूर्ववत करतो. जे लढले त्यांच्यामुळे बाकीचे वाचले. पण तोपर्यंत घाबरून काही मुलं सामान बांधून मायदेशी निघूनही गेली होती.

त्याच वर्षी जानेवारीत एक कायदा झाला, लेकन रायली अॅक्ट. बेकायदा आत आलेल्या किंवा योग्य कागद नसलेल्या परदेशी माणसावर चोरी, दुकानातली चोरी, पोलिसावर हल्ला अशा गुन्ह्यांत नुसता आरोप झाला, अटक झाली, तरी त्याला जामिनाशिवाय कोठडीत ठेवायचं. व्हिसावर रीतसर गेलेल्यांना हा कायदा सहसा लागत नाही. पण ‘डंकी’ मार्गाने गेलेल्यांना लागतो. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला सी-१७ विमान उतरलं, त्यात १०४ भारतीय होते आणि त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. ते गुन्हेगार होते असं मी म्हणत नाही, कागद नव्हते एवढंच. सी-१७ मी ओळखतो, ते माणसांना आरामात आणण्याचं विमान नव्हे.

आता जरा नाजूक विषय. नवरा-बायकोचं भांडण. आपल्याकडे शेजारी मध्ये पडतात, सासू-सासरे येतात. तिथे शेजारी ९११ ला फोन करतो. पुष्कळ राज्यांत पोलीस आले आणि मारहाणीचं चिन्ह दिसलं की कोणा एकाला अटक करावीच लागते. दुसऱ्या दिवशी बायको म्हणते, मला तक्रार करायची नाही. तिच्या हातात ते राहिलेलं नसतं, केस सरकारची असते. न्यायाधीश लगेच आदेश देतो की नवऱ्याने घराच्या आसपास फिरकायचं नाही, फोनही नाही. आणि इथे आपली माणसं फसतात. बायकोच फोन करते, ‘घरी या, झालं गेलं’. नवरा जातो. आदेश मोडला. घरगुती हिंसाचारात दोषी ठरणं हे हकालपट्टीचं स्वतंत्र कारण आहेच, पण संरक्षणाचा आदेश मोडला एवढं कोर्टाने नोंदवलं, तरी ते पुरतं, वेगळी दोषसिद्धी लागत नाही. बायकोने बोलावलं हा बचाव नाही, कारण आदेश कोर्टाचा आहे.

पण याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अन्याय करीन. मार खाणाऱ्या आपल्या मुलींनी ‘नवऱ्याचा व्हिसा गेला तर माझाही जाईल’ या भीतीने गप्प बसावं, असा याचा अर्थ मुळीच नाही. हिंसाचाराला बळी पडलेल्या आणि पोलिसांना मदत करणाऱ्या परदेशी व्यक्तीसाठी तिथे २००० सालापासून ‘यू’ व्हिसा आहे, आणि अशा बायकांसाठी मोफत काम करणाऱ्या संस्था आहेत. माझ्या माहितीतल्या एका मुलीला तिच्या सासरच्यांनी तीन वर्षं हीच धमकी देऊन गप्प ठेवलं. ती धमकी तितकी खरी नव्हती.

गांजाबद्दल थोडक्यात. तिथल्या पुष्कळ राज्यांत तो दुकानात मिळतो. मुलांना वाटतं कायदेशीर आहे. राज्यात आहे, केंद्रात नाही, आणि इमिग्रेशन केंद्राचं आहे. ३० ग्रॅमपर्यंत स्वतःसाठी जवळ बाळगल्याच्या एकाच गुन्ह्याला हकालपट्टीतून सूट आहे. पण विमानतळावर अधिकाऱ्याने सहज विचारलं आणि मुलाने ‘हो, ओढतो कधीकधी’ म्हटलं, तर त्या कबुलीवरूनच प्रवेश नाकारता येतो. अटक नाही, केस नाही, फक्त तोंडचं वाक्य.

इतर देशांचं वेगळं-वेगळं आहे, सगळं सांगत बसत नाही. ब्रिटनमध्ये २००७ च्या कायद्याने १२ महिने किंवा जास्त शिक्षा झाली की हकालपट्टी हाच नियम. ऑस्ट्रेलियात तेवढ्याच शिक्षेवर तुरुंगात असतानाच व्हिसा रद्द होतो. कॅनडाचा मात्र लक्षात ठेवा, कारण आपली मुलं तिथे फार आहेत: डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा पाचवरून दहा वर्षं केली. तिथल्या इमिग्रेशन कायद्यात दहा वर्षांची कमाल शिक्षा म्हणजे ‘गंभीर गुन्हेगारी’. प्रत्यक्षात दंडच झाला, तरी. आधी पार्टीनंतरची चूक होती, आता कायमच्या रहिवाशालाही देश सोडायला लावू शकते.

आणि हा दोष परक्यांना देऊन मोकळं होऊ नका. आपल्याकडेही तेच आहे, फक्त बाजू उलटी. ज्यांची मुलं परदेशी नागरिक झाली आणि हातात ओसीआय कार्ड आहे, त्यांनी हा भाग नीट ऐका. ओसीआयवाला भारताचा नागरिक नसतो, कार्डावर कितीही मोठ्या अक्षरात ‘सिटिझन’ लिहिलं असलं तरी. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली: दोन वर्षं किंवा जास्त कैद झाली, किंवा सात वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झालं, तरी कार्ड रद्द करता येतं. आरोपपत्र. निकाल नव्हे.

आता विचार करा, सात वर्षांच्या गुन्ह्यात काय-काय येतं. खून-दरोडा सोडा. फसवणूक, म्हणजे जुनं कलम ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ (४), त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. आणि आपल्या गावाकडे जमिनीची वाटणी, वडिलांच्या मृत्युपत्रावरची सही, फ्लॅटचा व्यवहार, या भांडणांत चुलत भाऊ पहिलं कलम कोणतं लावायला सांगतो? तेच. न्यू जर्सीतल्या भावाला सातबाऱ्यावरून नाव काढायला लावायचं असेल तर आता हे एक नवं हत्यार झालं आहे. सासरच्या छळाचं कलम, जुनं ४९८-अ, आता ८५, तीन वर्षांचं आहे, ते एकटं या रेषेत बसत नाही. कायद्यात आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि ‘रद्द करता येतं’ असं आहे, ‘होतंच’ असं नाही. पण नोटीस आली आणि उत्तरच दिलं नाही, तर संधी कागदावरच राहते.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे त्यांना दुसरं कलम. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार भारतातल्या फौजदारी कोर्टात केस चालू असेल तर पासपोर्ट नाकारता किंवा जप्त करता येतो. नुसता एफआयआर म्हणजे कोर्टातली केस नव्हे. कोर्टाने दखल घेतली की मग अडचण. तेव्हाही मार्ग बंद नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी आणली की पासपोर्ट मिळतो, कोर्टाने मुदत सांगितली नसेल तर एक वर्षाचा. अडचण ही की मुलगा डॅलसमध्ये, केस जबलपूर जिल्हा कोर्टात, पासपोर्ट संपत आलेला. पासपोर्ट नाही म्हणजे तिथला व्हिसा वाढणार नाही. इथली एक तारीख तिथली नोकरी घेऊन जाते. म्हणून इथे कोणी केस केली तर ‘येईल तेव्हा बघू’ म्हणू नका. इथे वकील उभा करा, मुलाच्या अनुपस्थितीत हजेरी माफीचा अर्ज करा, परवानगीचा अर्ज आधीच करा.

परदेशात अटक झालीच तर? मुलांना एवढं पाठ करून द्या. पोलिसाशी भांडायचं नाही, पळायचं नाही. नाव सांगायचं, बाकी ‘वकिलाशिवाय बोलणार नाही’ म्हणायचं. भारतीय वकिलातीला कळवा, असं सांगण्याचा हक्क आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६. हे कलम आपल्याकडे घरोघरी कळलं ते आपल्या सांगलीत जन्मलेल्या कुलभूषण जाधवांमुळे. १७ जुलै २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने हेच कलम मोडलं असं सांगितलं. त्या हक्काची किंमत काय असते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आणि फौजदारी वकिलाशी पहिल्याच भेटीत एकच वाक्य: मी इथला नागरिक नाही, सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. दोन तासांची फी वाचवायला जाऊन घर गमावलेली माणसं आहेत. मामला संपला की कोर्टाकडून निकालाची सही-शिक्क्याची प्रत घ्यायची आणि जपून ठेवायची. नोंद पुसली गेल्यावर ती प्रत मिळणंसुद्धा कठीण होतं, आणि वकिलात तर तीच मागते.

तर आमचा नागपूरचा मुलगा. मी त्याच्या बापाला म्हणालो, अर्जात ‘हो’ लिहा. ‘नाही’ लिहिलं तर ती जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती, आणि त्या कारणाने येणारी बंदी आयुष्यभराची असते. चोरीला सूट आहे, खोट्याला नाही. अटकेच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे त्यांच्याकडे आहेत, लपणार काय? मग तिथल्या एका इमिग्रेशन वकिलाकडून किरकोळ गुन्ह्याच्या सवलतीचं पत्र लिहून घेतलं, निकालाची प्रत मागवली. मुलाखत मुंबईच्या वकिलातीत झाली, आपल्या मध्य प्रदेशचं आणि विदर्भाचं कामही तिथेच असतं. खिडकीवरच्या अधिकाऱ्याने कागद ठेवून घेतले आणि सांगितलं, कळवू.

अकरा आठवडे काही कळलं नाही. बहिणीचं लग्न झालं, वरात गेली, नातेवाईक विचारत राहिले की हा अजून इथेच कसा. कंपनीने आधी रजा दिली, मग बिनपगारी केली. बाप रोज सकाळी वकिलातीची वेबसाइट उघडून केसचा क्रमांक टाकायचा. बाराव्या आठवड्यात पासपोर्ट आला, आत व्हिसा होता. पोरगा गेला. जाताना मला फोन केला, “काका, दोनशे डॉलरचा माल होता.” मी त्याला विचारलं, पिशवीत नेमकं काय होतं? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, शेव्हिंगचं सामान आणि चार्जर.

पुढच्या भागात परदेशात मुलांकडे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांचा आरोग्यविमा घेऊ. प्रश्न पाठवत राहा. जय हिंद.